खात्रीबाईंची तक्रारवही

दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवलं की त्याची मूठ खिडकीकडे वळवायची, टेबलाचा खण लावताना वरच्या कागदाचं एक टोक मुद्दाम बाहेर डोकावू द्यायचं, घराबाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून पाहायचं. हे ज्या बाईचं वर्षानुवर्षांचं वळण, तिला लोकांनी ‘खात्रीबाई’ म्हटलं तर नवल ते काय? मात्र नाव शेजाऱ्यांनी दिलेलं नव्हे. ते टेलिफोन एक्स्चेंजमधलं. तिथं त्यांनी चौतीस वर्षं ऑपरेटरचं काम केलं. कुणी नंबर मागितला की त्या तो परत म्हणून दाखवत आणि वर विचारत, “खात्री आहे ना?” एकदा म्हणे एक गृहस्थ चिडून म्हणाले, “बाई, माझ्या सासऱ्याचा नंबर आहे. आधीच सगळ्याची खात्री करून घेतली असती तर आज तो लावायची वेळ आली असती का?” त्यावरही बाई शांतपणे म्हणाल्या, “ते तुमचं तुम्ही बघा. शेवटचा आकडा सात की नऊ?”

हा स्वभाव काही जन्मजात नव्हता. नोकरीच्या सहाव्या वर्षी त्या पाणी प्यायला म्हणून खुर्चीवरून उठल्या, दोन मिनिटांसाठी. तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या जागेवर बसून आपल्या नातेवाइकाला चांगला अर्धा तास चालणारा परगावचा कॉल जोडून दिला. नोंद पडली यांच्या नावावर. साहेबांनी मेमो दिला, बढती तीन वर्षं पुढे गेली, आणि कोण बसलं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. कळलं असतं तर एका माणसाचा राग आला असता आणि विषय संपला असता. कळलं नाही, म्हणून मग सगळ्यांचाच संशय येऊ लागला. त्या दिवसापासून बाईंनी कानाला खडा लावला: बदली ऑपरेटर समोर येऊन उभी राहिल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. चहा जागेवर, डबा जागेवर. मैत्रिणी म्हणत, “हिला निवृत्तीच्या दिवशी खुर्चीसकट उचलून न्यावं लागणार.”

निवृत्तीनंतर त्या भाच्याकडे राहायला आल्या. म्हणजे घर मुळात दोघांचं, अर्धं त्यांच्या भावाचं आणि अर्धं त्यांचं. भाऊ गेल्यावर वरच्या मजल्यावर भाचा आणि भाचेसून, खाली या. खाली स्वयंपाकघर, जेवणाची खोली आणि मागच्या बाजूला एक शांत खोली, जिच्या खिडकीतून फक्त शेजारच्या घराची विटांची भिंत दिसते. त्या खोलीत बाई वाचत. मनात नव्हे, मोठ्यानं. अंध वाचकांसाठी बोलकी पुस्तकं तयार करणारं एक ग्रंथालय होतं, त्याच्यासाठी. आवाज स्वच्छ, उच्चार चोख, आणि चौतीस वर्षं अनोळखी माणसाच्या कानात बोलायची सवय. सात वर्षांत बावीस पुस्तकं झाली. आता तेविसावं चालू होतं: समुद्रप्रवासाचं एक जाडजूड पुस्तक, एकतीस प्रकरणांचं. एकोणीस वाचून झाली होती.

आणि त्याच पुस्तकात तो आवाज शिरला.

टच्. एवढाच. कुणी जिभेनं नापसंती दाखवावी तसा. वाक्याच्या मधोमध, कधी एखाद्या शब्दाचं मधलंच अक्षर गिळून. वाचताना काही ऐकू येत नसे, मागाहून ऐकलं की सापडायचा. “जहाजानं किनारा सो – टच् – ला.” पानभर ठीक, आणि मग लागोपाठ चार.

खात्रीबाईंनी पहिला संशय घेतला तो भिंतीपलीकडच्या शिंप्यावर. त्याचं मशीन त्याच बाजूला होतं. त्या सरळ त्याच्या दुकानात गेल्या.

“तुम्ही सकाळी दहा ते बारा काय शिवता?”

शिंपी तोंडातली टाचणी काढून म्हणाला, “गिऱ्हाईक देईल ते. का हो?”

“मशीन टच् करतं का?”

“माझं मशीन? आत्याबाई, ते खडखड करतं, कुरकुर करतं, बायको माहेरी गेली की बंदही पडतं. पण टच् नाही करत. टच् माझी सासू करते, पण ती हल्ली इथं नसते.”

बाई हसल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी शिंप्यानं आपणहून दोन तास मशीन बंद ठेवलं. टच् आलाच. मग फ्रीज बंद करून झाला, भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून झाला, माइकची वायर बदलून झाली. साप म्हणून भुई धोपटणं सुरू होतं, आणि साप आपला आत कुठंतरी आरामात होता.

शेवटी त्यांनी भाचेसुनेला सांगितलं.

ही मुलगी कॉम्प्युटरच्याच कामात होती. कुठल्याशा कंपनीची मोठी मशीनं दुरून सांभाळायची. आठवड्यातले दोन दिवस, सोमवारी आणि गुरुवारी, ऑफिसात जायची, बाकीचे दिवस जेवणाच्या टेबलावर बसून काम करायची, मीठ-मिरीच्या बरण्या एका बाजूला सारून. भाच्याचा जुना लॅपटॉप नीट करून, त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स घालून या पुस्तकाच्या वेळी बाईंना रेकॉर्डिंगसाठी तिनंच दिला होता. बाईंना ती आवडायची, नाही असं नाही. पण आवडणं वेगळं आणि विश्वास वेगळा.

त्या दिवशी तिनं लॅपटॉपसमोर दहा मिनिटं काहीतरी केलं आणि म्हणाली, “आत्या, तुमच्या काळी ते तातडीचे कॉल असायचे ना? साधे कॉल रांगेत, आणि तातडीचा आला की तो पुढे?”

“असायचे. पण कुणीही उठून तातडीचा मागितला तर मिळायचा नाही. दवाखाने, अग्निशमन अशी मोजकी नावं. त्यांची यादी असायची.”

“अगदी तसंच. या कॉम्प्युटरमध्ये एका वेळी शंभर कामं चालू असतात. तुमचा आवाज टिपायचं काम क्षणभर जरी रांगेत ताटकळलं, तरी तेवढा आवाज सुटतो. तोच टच्. आतापर्यंत तुमचं नाव साध्या यादीत होतं. आता मी तुम्हाला आवाजवाल्यांच्या गटात घातलंय, आणि त्या गटाला पंच्याण्णव नंबरपर्यंत पुढं जायची मुभा दिली आहे.”

“पंच्याण्णव? असतात किती?”

“नव्व्याण्णव.”

“मग वरचे चार कुणासाठी ठेवलेस?”

भाचेसून हसली. “कुणासाठी नाही. अगदी वरचे नंबर खुद्द मशीनच्या कामासाठी मोकळे ठेवतात. नाहीतर एखादा प्रोग्राम अडून बसला तर सगळंच गोठायचं. आणि ही दुसरी ओळ बघा. तुमच्या प्रोग्रामनं मेमरीत धरलेली जागा काम होईपर्यंत त्याचीच. त्याला उठवून कुणी मागच्या बाकावर पाठवायचं नाही.”

“हे एक बरं केलंस,” बाई म्हणाल्या. खुर्चीचा विषय त्यांच्या जिव्हाळ्याचा.

“आता फक्त एकदा लॉगआउट करा आणि परत लॉगइन करा. त्याशिवाय हे लागू नाही होणार. मी करू?”

“नको. मी करते.”

संध्याकाळी तिनं जिन्यावरून विचारलं, “आत्या, लॉगआउट केलंत ना?”

“केलं की,” बाई म्हणाल्या.

केलं नव्हतं.

त्याचं कारण असं. लॅपटॉप नवा आला त्या आठवड्यात बाईंनी एकदा लॉगआउट केलं होतं. तेव्हा पडद्यावर दोन नावं आली. एक त्यांचं, त्याच्या खाली दुसरं कुणाचं तरी, इंग्रजीतली चार अक्षरं. म्हणजे या घराला दोन दारं आहेत, आणि आपण एकातून बाहेर पडलो की दुसऱ्यातून कुणी आत येऊन बसू शकतं! मनात पाल चुकचुकली. त्यांनी घाईघाईनं परत आत शिरून जी जागा धरली, ती धरलीच. त्यानंतर काम झालं की झाकण मिटायचं, दुसऱ्या दिवशी उघडायचं, पासवर्ड मारायचा. मिटलेल्या झाकणाखाली आपण आतच असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यात त्यांना मोठं समाधान होतं. चार्जरची वायर तर त्या भिंतीतून काढूच देत नसत.

टच् थांबला नाही. बाईंनी तसं कुणाला सांगितलंही नाही. सांगून काय, ती पुन्हा म्हणणार लॉगआउट करा! शिवाय आता त्यांना वेगळाच वास येऊ लागला होता. दुरुस्ती म्हणून हिनं जे केलं, ती दुरुस्तीच होती कशावरून?

मग एका सकाळी त्यांनी पाहिलं. त्या बाजारातून अर्ध्या वाटेवरून परतल्या होत्या, पिशवी विसरली म्हणून. मागच्या खोलीत भाचेसून मोजपट्टी घेऊन उभी होती. खिडकीपासून कपाटापर्यंत मोजलं, मग कपाटापासून दारापर्यंत, आणि फोनवर आकडा टिपून घेतला. बाई पाऊल न वाजवता मागं फिरल्या. पिशवी न घेताच बाजारात गेल्या आणि भाजी पदरात बांधून आणली. पण डोक्यात जो किडा शिरला तो शिरला. खोली हवी आहे हिला. जेवणाच्या टेबलावर बसून कंटाळली असणार. म्हातारीचं वाचन बंद पडलं की खोली रिकामी. भांडण नको, तंटा नको. सुंठीवाचून खोकला गेला.

त्या दिवशी त्यांनी ट्रंकेतून जुनी वही काढली. एक्स्चेंजमध्ये बिघाडांची तक्रारवही असायची, लांबट, कडक पुठ्ठ्याची. एक कोरी त्यांनी निरोपाच्या वेळी आठवण म्हणून मागून आणली होती. रकाने छापलेले: तारीख, वेळ, ठिकाण, तक्रार, कारण, सही. बाईंनी प्रत्येक टच् त्यात लिहायला सुरुवात केली. ‘ठिकाण’च्या रकान्यात पुस्तकाचं पान आणि ओळ. ‘कारण’चा रकाना कोरा. कारण सापडल्याशिवाय तो भरायचा नाही, हा नियमच होता.

पाच आठवड्यांत वही अकरा पानं भरली.

आणि मग सोमवारी ग्रंथपालबाईंचा फोन आला. या फार मऊ बोलायच्या, त्यामुळे वाईट बातमी कळायला वेळ लागायचा.

“तुमच्या आवाजाबद्दल कुणाची तक्रार नाही हं. उलट आपले ते अंध वाचक, भूमितीचे मास्तर, ते तर दर आठवड्याला विचारतात, पुढचं प्रकरण आलं का. पण तेच परवा म्हणाले, बाई वाचत असताना शेजारी बसून कुणीतरी बोटं मोडतं. मी ऐकलं. खरंच आहे हो.”

“मी शोधतेय कारण.”

“शोधा ना. पण असं ठरलंय, की विसावं प्रकरण शुक्रवारपर्यंत स्वच्छ आलं तर उत्तम. नाही आलं तर पुस्तक स्टुडिओतल्या वाचकाला द्यायचं. मग त्याच्याकडून पहिल्यापासूनच वाचून घ्यावं लागेल. एका पुस्तकात दोन आवाज बरे नाही वाटत.” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “आणि पुढची पुस्तकंही मग तिकडेच... म्हणजे सोय म्हणून.”

बाईंनी फोन ठेवला. एकोणीस प्रकरणं पाण्यात. आणि पुढं काही नाही. सकाळी दहा वाजता मागच्या खोलीत जायचं, दार लावायचं, घसा साफ करायचा, आणि कुठंतरी डोळे मिटलेल्या माणसाला जहाजावर घेऊन जायचं, हे संपलं तर सकाळचे दहा वाजून करायचं काय? झाकणाच्या मुठी मोजायच्या?

मंगळवारी त्या वही घेऊन बसल्या आणि एक्स्चेंजमध्ये करत तसं सगळे बिघाड वारांप्रमाणे मांडले. मांडलं आणि अंगावर काटा आला. मंगळवारी टच्. बुधवारी टच्. शुक्रवारी तर विचारू नका. सोमवार कोरा. गुरुवार कोरा. अकरा पानांत एकही सोमवार नाही, एकही गुरुवार नाही.

ती घरी नसते ते दोन दिवस.

बुधवारी चहाच्या वेळी भाचा लवकर घरी आला होता. बाईंनी दोघांना टेबलाशी बोलावलं, साखरेचा डबा बाजूला केला आणि वही मधोमध ठेवली.

“वाच,” त्या भाचेसुनेला म्हणाल्या.

भाच्यानं मान वाकडी करून पाहिलं. “आत्या, हे काय, कोर्टात उभं करतेयस का हिला? मला निदान साक्षीदार तरी कर. आरोपी घरात रोज भेटतो.”

“तू गप्प बस. ग्रंथालय माझं पुस्तक काढून घेतंय शुक्रवारी. वाच गं.”

भाचेसुनेनं आधी उभ्या उभ्या वाचलं, मग खुर्ची ओढून बसली. पानं उलटत गेली. तिचा चेहरा बदलला, आणि खात्रीबाई तो बदलताना पाहत होत्या, डोळ्यांत तेल घालून.

“बरोबर आहे,” ती हळू म्हणाली. “मी घरी असते तेव्हाच येतोय.”

“मग?” बाईंनी विचारलं.

“मग... माझंच काम आहे ते. म्हणजे, याचे मागे सगळे फोटो उडाले ना, तेव्हापासून मी घरातल्या सगळ्यांच्या फोटोंची एकेक प्रत दोन ठिकाणी ठेवते. तुमच्या लॅपटॉपवर जागा रिकामी होती. माझा कॉम्प्युटर घरी चालू असला की नवीन काही असेल ते आपोआप तुमच्या लॅपटॉपवर जातं. सांगायला हवं होतं तुम्हाला. राहून गेलं.”

“म्हणजे तू माझ्या कॉम्प्युटरमध्ये येतेस. माझ्या पाठीमागे.”

“मी नाही, फोटो येतात.”

“खरंय आत्या,” भाचा म्हणाला, “त्यात निम्मे माझेच आहेत, पोट आत घेतलेले. ते आत घेताना कुणीही टच् करेल.”

कुणी हसलं नाही. भाचेसून कपाळाला हात लावून म्हणाली, “पण आत्या, म्हणूनच तर मी तुमच्या आवाजाला वरचा नंबर दिला. फोटो रांगेत थांबतील, तुमचा आवाज थांबणार नाही. हे व्हायलाच नको. चला, बघू.”

तिघं मागच्या खोलीत गेली. बाईंनी झाकण उघडलं, पासवर्ड मारला, हातानं आडोसा करून. मग नाइलाजानं खुर्ची दिली आणि खांद्याशी उभ्या राहिल्या. मुलीनं मशीनला हुकूम द्यायची काळी खिडकी उघडून एक छोटा प्रश्न टाइप केला. खालच्या ओळीत उत्तर आलं: शून्य.

“शून्य?” ती पुटपुटली. “पंच्याण्णव पाहिजे.”

तिनं ती फाइल उघडली. दोन ओळी जिथल्या तिथं: आवाजवाल्यांच्या गटाला पंच्याण्णव, आणि मेमरीची जागा हवी तितकी. गट पाहिला. त्यात बाईंचं नाव स्पष्ट. एखादं अक्षर चुकलंय का म्हणून तिनं बोट ठेवून ठेवून वाचलं. सगळं बरोबर, आणि उत्तर शून्य. बाईंना वाटलं, नाटक उत्तम करते. आणि लगेच वाटलं, नाटक करणाऱ्याच्या मानेवर असा घाम येत नाही.

मग मुलीनं आणखी काहीतरी विचारलं मशीनला. एकच ओळ आली. त्यात बाईंचं नाव आणि पुढं एक तारीख. त्या कधी आत आल्या ती तारीख. दोन महिने होऊन गेले होते. त्या दोन ओळी लिहिल्या त्याच्याही कितीतरी आधीची.

ती त्या तारखेकडे पाहत राहिली. खात्रीबाई तिच्याकडे पाहत राहिल्या.

“सापडलं का काही?” दारातून भाच्यानं विचारलं.

“नाही अजून,” भाचेसून वळून न पाहता म्हणाली. “तू जरा चहा परत गरम कर ना. आणि आत्यांचा बिनसाखरेचा.”

भाचा गेला. खोलीत मशीनच्या पंख्याचा बारीक आवाज तेवढा राहिला. भिंतीपलीकडे शिंपी खडखड करत होता. टच् नव्हे, खडखडच. चौतीस वर्षांत बाईंनी असे किती बिघाड पाहिले होते. विशेष यादीत दवाखान्याचा नवा नंबर चढला, आणि तरी कुणा ऑपरेटरनं तो साध्या रांगेत लावला. का? तर ती जुन्या यादीवर काम करत होती. ड्यूटीवर बसताना जी यादी हातात मिळे, ती उठेपर्यंत तीच. नवी यादी पुढच्या ड्यूटीला. हे त्यांनी नव्या पोरींना कितीदा शिकवलं होतं! उठल्याशिवाय नवी यादी मिळत नाही. आणि त्या तर दोन महिने उठल्याच नव्हत्या.

“तू त्याला बाहेर का पाठवलंस?” त्यांनी विचारलं.

मुलगी ती काळी खिडकी मिटू लागली.

“मी खोटं बोलले,” खात्रीबाई म्हणाल्या. “लॉगआउट केलं नव्हतं. करतच नाही मी. ते दुसरं नाव दिसतं ना तिथं, ते कुणाचं?”

“माझं. मशीनमध्ये काही बिघडलं तर दुरुस्त करायला एक दार लागतं म्हणून. पण आत्या, तुम्ही आत असलात तरी त्या दारातून मला येता येतं. फोटो तिकडूनच येत होते. तुम्ही जागा धरून ठेवून माझं काही अडत नव्हतं, तुमचंच अडत होतं.”

हे फार लागलं बाईंना. लागणारच. दोन महिने ज्या खुर्चीवर पहारा दिला, तिला पाठच नव्हती.

“आणि मोजपट्टी?” त्या म्हणाल्या. आता निघालंच आहे तर सगळं निघू दे.

मुलीच्या हातून माउस सुटला. “तुम्ही पाहिलंत?”

“पाहिलं.”

तिला खोटं बोलता आलं असतं. खिडकीच्या पडद्याचं माप घेत होते म्हटलं असतं तर बाईंनी कदाचित ऐकूनही घेतलं असतं. पण ती म्हणाली, “एकदा आलं होतं मनात. तुम्ही पुढंमागं थांबलात तर इथं माझं टेबल बसेल का, ते पाहत होते. नंतर माझं मलाच कसंतरी वाटलं. पण मोजलं मी. खरंय.”

खात्रीबाईंनी एक लांब श्वास घेतला. गंमत अशी, की राग यायला हवा होता, पण आलं ते हायसं. तो अर्ध्या तासाचा कॉल जोडणारं माणूस आयुष्यभर मनात फिरत राहिलं, कारण ते कधी समोर येऊन ‘हो, मीच’ म्हणालं नाही. ही म्हणाली.

“ऊठ,” त्या म्हणाल्या.

खुर्चीवर बसून त्यांनी स्वतःच्या हातानं लॉगआउट केलं. पडदा क्षणभर काळा झाला, आणि मग दोन नावं दिसली. त्या दुसऱ्या नावाकडे त्यांनी एकदा नीट पाहून घेतलं, जिन्यात भेटलेल्या भाडेकरूकडे पाहावं तसं. मग आपल्या नावानं आत गेल्या.

“आता विचार त्याला.”

मुलीनं वाकून तोच प्रश्न टाइप केला. पंच्याण्णव.

“खात्री आहे ना?” बाई म्हणाल्या. सवय हो, दुसरं काय.

“करूनच घ्या. मी आत्ता मुद्दाम सगळ्यांचे सगळे फोटो परत पाठवायला लावते. लग्नाचे, सहलीचे, सगळे. मशीनला धाप लागू दे. तुम्ही वाचा.”

बाईंनी विसाव्या प्रकरणाची सुरुवातीची तीन पानं वाचली. वादळाची होती. बाहेर भाचा चहाचे कप घेऊन एका पायावर उभा होता. मग तिघांनी मिळून ऐकलं, श्वास रोखून. जहाज हेलकावलं, शीड फाटलं, खलाशी ओरडले. लॅपटॉपचा पंखा मागं घोंघावत होता, फोटो धडाधड येत होते, आणि जहाजानं किनारा सोडला तो अख्खा सोडला. शेवटपर्यंत एकही टच् नाही. बाईंनी परत एकदा ऐकलं. मग दोघांना बाहेर काढून, दार लावून, तिसऱ्यांदा.

गुरुवारी आणि शुक्रवारी सकाळी मिळून विसावं प्रकरण पूर्ण झालं. शुक्रवारी भाचेसून घरीच होती, आणि तिनं फोटोंचं काम बंद करू का विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, “राहू दे. रांगेत उभे राहतील.” चार वाजायच्या आत प्रकरण गेलं. पुढच्या मंगळवारी ग्रंथपालबाईंचा फोन आला. इतक्या मऊ सुरात, की बाईंचं काळीज आधी खालीच गेलं. पण बातमी चांगली होती. भूमितीच्या मास्तरांनी निरोप दिला होता: बोटं मोडणारा गेला वाटतं, आता एकविसावं लवकर पाठवा. पुस्तक बाईंकडेच राहिलं.

बदल म्हणाल तर थोडेच झाले. दुधाच्या झाकणाची मूठ अजून खिडकीकडेच असते, आणि वरचे चार नंबर नक्की कुणासाठी आहेत याबद्दल बाईंचं अजूनही पुरतं समाधान झालेलं नाही. पण रोज दुपारी वाचन संपलं की त्या लॉगआउट करतात. आणि एका दुपारी जेवणाच्या टेबलापाशी थांबून, मिठाची बरणी उगाच इकडची तिकडे करत त्या म्हणाल्या, “तीन वाजल्यानंतर ती खोली रिकामीच असते. टेबल बसतं का नाही तुझं, मोजलंयस ना?”

“बसतं,” भाचेसून म्हणाली. “कपाट चार बोटं सरकवलं तर.”

“सरकवू. पण मी येऊन उभी राहिले की उठायचं. आणि तू समोर येऊन उभी राहिल्याशिवाय मी उठणार नाही.”

“कबूल.”

त्या संध्याकाळी त्यांनी तक्रारवही शेवटची काढली. अकरा पानांचा ‘कारण’चा रकाना कोरा होता. एक्स्चेंजमध्ये त्यात काय लिहायचं ते ठरलेलं असे: वायर, स्विचबोर्ड, हवामान, ग्राहक. आणखी एक शब्द चालायचा, पण तो चौतीस वर्षांत त्यांनी एकदाही लिहिला नव्हता, दुसऱ्या कुणी त्यांच्या ओळीत लिहिला तर तावातावानं खोडायला लावला होता. त्यांनी चष्मा पुसला, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एक उभी रेघ ओढत नेली आणि तिच्या शेवटी लिहिलं: ऑपरेटर.

मग पुढच्या रकान्यात सही केली.